झऱ्यात उतरायचा मान

"तुमच्या माहेरी तो झरा होता ना? काय मजा असेल हो तुमची लहानपणी!"

असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. मजा! त्या झऱ्यावर मजा करायला अख्खी दुनिया यायची. रविवारी तर विचारूच नका. मुंबईहून आलेली पोरं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात लोळायची आणि अंगाची चिकचिक घालवायला आमच्या कुंडात उड्या मारायची. कुणाच्या खांद्याला ट्रान्झिस्टर, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. त्यांच्या बायका पायऱ्यांवर डबे उघडून बसायच्या आणि मला बघून म्हणायच्या, "किती नशीबवान गं तुम्ही, रोज इथंच राहता!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. रोज इथंच राहते, हेच तर माझं दुखणं होतं.

झरा कसा होता ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नंदाखालहून अर्नाळ्याकडे जाताना रस्त्याच्या आत, केळी-नारळीच्या वाड्यांमागे, एक बुटका काळा कातळ होता. समुद्र एवढा जवळ, तरी त्या कातळातून येणारं पाणी शहाळ्यासारखं गोड. समोर दगडी कुंड, तीन बाजूंनी पायऱ्या. ते बांधकाम पोर्तुगीजांच्या वेळचं, असं आमचे ख्रिस्ती शेजारी म्हणत. त्याच्याही आधीचं, असं आम्ही म्हणायचो. आणि विरारहून शाळेची सहल घेऊन येणारे एक मास्तर दर वर्षी पोरांना सांगत की हे पांडवांनी बांधलं. कुणी कुणाला खोडून काढत नसे. झरा सगळ्यांचाच होता.

कुंडाच्या वरच्या अंगाला कातळात एक चौकोनी भोक होतं, त्याला आम्ही झऱ्याचं तोंड म्हणायचो. त्या तोंडात खालच्या बाजूला एक आडवा दगड बसवलेला होता, वीतभर उंच. त्या दगडावरून पाणी कुंडात सांडायचं. दगडाच्या वर जी फट उरायची ती दीड वीत उंच, आणि रुंदीला हातभरही नाही. ती फट ओलांडून आत गेलं की बोगदा जरा मोठा व्हायचा. दोन माणसं एकापुढे एक आडवी झोपतील एवढा लांब, आणि शेवटी मान वाकवून बसता येईल एवढी खोली. तिथं कातळाच्या चिरेतून पाणी फुटायचं.

पावसाळ्यात त्या बोगद्यात गाळ भरायचा. वरच्या उंबराची मुळं सांध्यांतून आत शिरायची. वर्षातून एकदा, वैशाखात, कुणी आत जाऊन ते साफ केलं नाही तर पाणी करंगळीएवढं होई. त्या सफाईला 'झरा काढणे' म्हणत, आणि झरा काढायचा मान आमच्या घराचा. आत जायचं ते घरातल्या कुवार मुलीनं, म्हणजे लग्न न झालेल्या. ज्या घरची मुलगी आत जाते त्या घरच्या केळींना पाटाचं पहिलं पाणी, असा सगळ्या वाड्यांचा जुना ठराव होता. म्हणून तो मान. नुसतं झऱ्याच्या देवीचं नाव असतं ना, तर आमच्या बाबांनी तो मान केव्हाच शेजाऱ्याच्या गळ्यात घातला असता.

कुवार मुलगीच का? देवीला तीच चालते, असं सांगायचे. खरं कारण त्या फटीचं माप. भरल्या खांद्यांचा पुरुष आत शिरत नाही आणि बाळंतपणं झालेली बाईही नाही. मग तो आडवा दगड काढून टाका ना! हे मी आठ वर्षांची असताना विचारलं, तर बाबांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. त्या दगडाला लोखंड लागलं की झरा रुसतो आणि पाणी दुसरी वाट धरतं, अशी आमच्या घरातली गोष्ट. खापरपणजोबांनी म्हणे एकदा पहार लावली होती. दगड हललासुद्धा नाही, पण सात महिने पाणी आलं नाही आणि केळी उभ्या जळल्या. ते सात महिने पाहिलेलं कुणी जिवंत नव्हतं. भीती मात्र कालच घडल्यासारखी ताजी होती.

माझ्या आधी आत जायची ती आत्या, बाबांची धाकटी बहीण. दहा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा झरा काढला. मुलगी लग्न होऊन गेली की मान घरातल्या पुढच्या मुलीकडे, असा क्रम. पण आत्याच्या पाठीवर घरात मुलगीच नव्हती. तिला आगाशीचं स्थळ आलं, तिच्या मनात भरलेलं. घरचे त्यांना म्हणाले, जरा थांबा, घरात एक मुलगी होऊ दे. आईला पहिला मुलगा झाला, दुसराही मुलगाच झाला. आगाशीवाले दोन वर्षं थांबले आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी दुसरीकडे लग्न उरकलं. त्यानंतर दोन वर्षांनी मी झाले. माझ्या बारशाला आत्यानं ओंजळी भरभरून घुगऱ्या वाटल्या म्हणे. पण पाळण्यातलं पोर काय झरा काढणार? मी आठ वर्षांची होईपर्यंत आत्या बत्तीस वर्षांची झाली, आणि तोवर तिला बघायला बिजवरसुद्धा यायचे थांबले होते. तिला लग्न करू नको असं कुणी कधी म्हणालं नाही हं. "यंदाचा वैशाख होऊ दे," एवढंच म्हणायचे. असे बावीस वैशाख झाले.

हे सगळं मला कळलं ते मोठी झाल्यावर. आठव्या वर्षी मला नवा परकर मिळाला होता, त्यातच मी खूष. आत्यानं मला खोबरेल तेल चोपडलं, खांद्यांना आणि कमरेला जरा जास्तच. पायाला दोरी बांधली. गाळ ओढायला हातात नारळाची करवंटी दिली. अकराच्या सुमाराला ऊन कातळाच्या समोर आलं, तेव्हा ती रिकाम्या केलेल्या कुंडात आरसा घेऊन उभी राहिली आणि उजेडाचा एक तुकडा तिनं आत सोडला.

"उजेडाच्या मागं मागं जा," ती म्हणाली. "भ्यायलीस तर मोठ्यानं पाढे म्हण. मला ऐकू आले पाहिजेत."

आत जे होतं त्याला काळोख म्हणत नाहीत. काळोखात निदान हात पसरता येतात. पाठीला छत, पोटाखाली गार गाळ, तोंडावर मुळं, आणि हातापायांवरून खेकडे. पाणी कानाच्या इतकं जवळ वाजायचं की माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. मी मरणार असं मला स्वच्छ वाटलं. आठ वर्षांच्या पोरीला ते वाटू नये, पण वाटलं. बाराच्या पाढ्यापर्यंत पोचले आणि बारा सत्ते किती ते काही केल्या आठवेना, म्हणून रडायला लागले. बाहेरून आत्या ओरडली, "चौऱ्याऐंशी! पुढं म्हण!"

बाहेर आले तेव्हा वाजंत्री वाजली. पाणी न्यायला आलेल्या अर्नाळ्याच्या मावश्यांपैकी एकीनं माझ्या गालावरून हात फिरवला. "बाय, तुज्या हातचं पानी गोड," ती म्हणाली. मला उगाचच फार अभिमान वाटला. अभिमान कसला, पुढल्या वैशाखाला मी परत आत होते आणि त्याच्या पुढल्याही.

सोळाव्या वर्षी मी बाहेर येताना अडकले. खांदे बाहेर, कंबर आत. परकर ओला होऊन दगडाला चिकटला होता. वाजंत्रीवाले थांबले. पायऱ्यांवर सहलीचे लोक होते, त्यांच्यातल्या एकानं चक्क माझा फोटो काढला. कुणाच्या तरी आल्बममध्ये असेन मी अजून, कातळातून अर्धी बाहेर लोंबणारी. आत्या माझ्या कमरेशी तेल सोडत होती आणि कानात सांगत होती, "श्वास सोड. सगळा सोड. अजून आहे, तो पण सोड." भात शिजायला लागतो तेवढा वेळ मी तिथं होते. सुटले तेव्हा दोन्ही बाजूंची कातडी सोलली होती.

घरच्यांनी त्यावर काय उपाय केला असेल? दगडाचा नाही. माझाच केला. त्या वर्षापासून फाल्गुन लागला की माझ्या ताटातला भात निम्मा व्हायचा. आई वाढायची आणि दुसरीकडे बघायची. मलाही इरेस पेटायला काय लागतं! मी जाड व्हायचं ठरवलं. दुपारी घर लवंडलं की मी वाडीत जायचे आणि एका बैठकीत दहा-दहा वेलची केळी खायचे. वर फडताळातली वाळवलेली सुकेळी. पोट बिघडलं, आठवडाभर पेजेवर राहिले आणि होते त्याहून बारीक झाले. देवीचीच इच्छा, असं काकू म्हणाली. आत्यानं दुसऱ्या दिवशी गुपचूप तिच्या ताटातला भात माझ्या ताटात सरकवला. तिचे गुडघे तोवर ओलीनं पार गेले होते, नाहीतर माझ्या जागी ती पुन्हा आत गेली असती. तशी ती एकदा बोलूनही दाखवायला गेली. पण एकदा पुढे गेलेला मान मागे येत नाही, असं बाबा म्हणाले.

मला आत्याची भीती वाटायला लागली ती त्याच सुमाराला. तिची म्हणजे, तिच्यासारखं होण्याची. सकाळी ती कुंडाच्या पायऱ्या झाडायची, रविवारच्या लोकांनी टाकलेली अंड्यांची टरफलं आणि कागद गोळा करायची, मग घरी येऊन चुलीशी बसायची. तिला कुठं जायचंच नसायचं. विरारला सिनेमाला चल म्हटलं तर म्हणायची, "मी आणि कुठं जाऊ?" हे ती इतक्या सहज म्हणायची की माझ्या अंगावर काटा यायचा. मी ठरवून टाकलं होतं, काय वाट्टेल ते होवो, मी इथं राहणार नाही.

एकोणिसाव्या वर्षी मला केळव्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. बघायला आले तो नेमका रविवार, कुंडावर ही गर्दी. त्यांच्याकडच्या सगळ्यांनी मला झऱ्याबद्दलच विचारलं. आत काय दिसतं, भीती वाटते का, सापबीप असतात का. मास्तर शेवटी एकच वाक्य बोलले. "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला झरा सोडून दुसरं काही विचारलं होतं. मी तिथंच मनात होकार देऊन बसले.

आणि मग बाबांनी तो शब्द काढला. "थांबावं लागेल थोडं." काकांची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती सातची झाली की झरा काढेल आणि माझी सुटका होईल. दोन वैशाख फक्त. मी आत्याकडे बघितलं, ती पोह्यांच्या बश्या उचलत होती. मास्तरांच्या आईनं विचार करून सांगितलं, "दोन वर्षं थांबू. झऱ्याच्या घरची मुलगी आहे, मान आम्हालाही कळतो. पण दुसऱ्या वैशाखाला मुलगी मोकळी झाली नाही, तर मग आम्ही मोकळे."

तर माझं सगळं पुढचं आयुष्य पाच वर्षांच्या एका पोरीच्या हातात गेलं. गोड होती हो ती. माझ्या मागे मागे असायची, "ताई, ताई" करत. मी तिला पलंगाखालून सरपटायला शिकवायला लागले. या बाजूनं शिरायचं, त्या बाजूनं निघायचं, आणि निघाली की सुकेळ्याचा तुकडा. ती खिदळत सरपटायची. मग पलंगाला चादरी बांधून आत अंधार केला. मग मोरीजवळची ओली जागा. काकूला सगळं दिसत होतं. ती एकदा दारात उभी राहून नुसतं बघत होती, आणि मी मान वर केली तेव्हा निघून गेली. मला माझी लाज वाटत होती. पण मी शिकवायची थांबले नाही.

त्या दोन वर्षांत आजूबाजूच्या विहिरींवर इंजिनं बसली, विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं, आणि आमच्या झऱ्याचा रुबाब आणखीनच वाढला. लांबलांबची माणसं हंडे घेऊन यायची. नंदाखालच्या ख्रिस्ती घरांतून लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून नवरीच्या अंघोळीचं पाणी न्यायला यायचे, आणि ती भांडी भरून द्यायची आत्या. प्रत्येक वेळी विचारायची, मुलगी कुठं दिली, माणसं कशी आहेत. उत्तर मन लावून ऐकायची आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायची. मला तिचा इतका राग यायचा! रड ना, ओरड, भांडं आपट, असं वाटायचं.

दुसरा वैशाख आला. झरा काढायचा दिवस रविवारीच धरला होता, म्हणजे बघायला गावही होतं आणि मुंबईही. कुंडाचं बूच काढून पाणी सोडून दिलं होतं. चुलत बहिणीला नवा परकर नेसवला, तेल लावलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आत्या आरसा घेऊन उभी राहिली. पायाला दोरी मी बांधली.

पोरीनं तोंड आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "ताई, आत कुणीतरी श्वास घेतंय."

"पाणी आहे गं ते, वेडाबाई. जा. पाढे म्हण."

ती कमरेपर्यंत आत गेली. बे एके बे, बे दुणे चार. बे त्रिक सहाला आवाज थांबला. मग तिनं जी किंकाळी फोडली ती मला आजही ऐकू येते. ती हात पसरून मुळांना धरून बसली होती, पुढेही जाईना आणि मागेही येईना. तिचे पाय माझ्या हातात होते. ढकलले तर ती आत जाणार होती आणि मी केळव्याला. ओढले तर दोघी इथंच.

मी ढकललं. हो, ढकललं. खोटं कशाला सांगू? जोर लावून ढकललं, आणि तेवढ्यात माझ्या मनगटावरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. पोरगी भिऊन मुतली होती.

मग मात्र मी तिला ओढून बाहेर काढलं. कपाळ खरचटलेलं, तोंड चिखलानं भरलेलं. तिनं माझ्याच गळ्याला मिठी मारली. जिनं ढकललं तिच्याच. मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले.

बाबा म्हणाले, "असू दे, असू दे. जरा दम खाऊ दे, मग पुन्हा बघू. होते सवय. तुलाही झालीच की."

काका खाली बघत म्हणाले, "नाहीतर असं करू. यंदाचा वैशाख हिलाच काढू दे. पुढल्या वर्षी बघू."

यंदाचा वैशाख! झालं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वाजंत्रीवाले, मावश्या, पायऱ्यांवरचे पाहुणे, सगळे वाट बघत होते की मी आता पोरीला खाली ठेवीन आणि तेल मागीन. मलाही क्षणभर तेच करावंसं वाटलं, ते अजून जास्त भयंकर.

मी पोरीला माझ्या आईच्या अंगावर दिलं. कुंडाचं बूच उचकटायला आणलेली पहार तिथंच पडली होती. मी ती उचलली आणि आडव्या दगडाच्या सांध्यात घातली.

काय आरडाओरडा झाला! बाबा "अगं ए, अगं ए!" करत राहिले, पण जवळ यायला कुणी धजावेना. लोखंड दगडाला लागलं होतं ना, म्हणजे व्हायचं ते झालंच होतं. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती ती आत्या. "नको, बाय! नको! अगं, आटेल, सगळं आटेल!" आरसा टाकून ती माझा हात धरायला धावली, पण चिखलात तिचा गुडघा मुडपला. मी पहारेवर अंगाचा भार टाकला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा दगड हिरडीतून दात सुटावा तसा सुटला आणि कुंडात जाऊन पडला.

आत तुंबलेलं पाणी भसकन् बाहेर आलं, तांबडं, गढूळ, मुळं आणि खेकडे घेऊन. माझ्या पोटऱ्यांवर आदळलं. मग कमी झालं. मग दोऱ्याएवढं झालं. मग थांबलं.

कुणी हललं नाही. अर्नाळ्याच्या मावशीनं कपाळावर हात मारला. "गेलं पानी." आई पायरीवर बसली. बाबा माझ्याकडे असे बघत होते की ही बाई कोण, आपल्या कुंडात कशी आली. मी भीतीनं थंड पडले होते, आणि तरी आतून म्हणत होते, थांबलं तर थांबू दे. जळू देत केळी. मी सुटले.

मग कातळाच्या पोटात काहीतरी गुळगुळलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, मग नेहमीपेक्षाही जोरात पाणी यायला लागलं. पाच-दहा मिनिटांत नितळ. सहलीचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हा सगळा कार्यक्रमाचाच भाग.

काका पहिले पुढे झाले. वाकून बघितलं, हात घातला, डोकं घातलं आणि अख्खे आत गेले. चांगले अंगापिंडाने भरलेले माझे काका! आतून त्यांचा आवाज आला, "अरे, ऐसपैस आहे की इथं! घमेलं द्या!" झालं, गडीमाणसांची रांग लागली. घमेली हातोहात यायला लागली. संध्याकाळच्या आत गाळ निघाला, एवढा की मी कधी एका वैशाखात काढला नव्हता. मला कुणी ओरडलं नाही. कुणी विचारलंही नाही. खापरपणजोबांपासून जपलेली ती भीती तासाभरात कुठं गेली, कुणाला पत्ताही नव्हता. बाबा तर एका पाहुण्याला सांगत होते की हे आधीच करायला हवं होतं, दगड तसा सैलच होता. ज्येष्ठात माझं लग्न झालं आणि मी केळव्याला गेले, पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच.

मी आत्याकडे गेले. मला वाटलं होतं, ती मला मिठी मारेल. वाटलं होतं, आता आम्ही दोघी रडू, हसू, काहीतरी करू. तिच्यासाठीही फोडलाय गं मी हा दगड, असं म्हणायचं माझ्या ओठांवर होतं.

ती चिखलात तशीच उभी होती, गुडघा धरून. कुंडात पडलेल्या दगडाकडे बघत होती. बाहेर काढल्यावर तो अगदीच लहान दिसत होता, एका माणसानं उचलून नेता येईल एवढा. काका आतून काहीतरी बोलून हसत होते आणि बाहेरचेही हसत होते.

"आत्या," मी म्हटलं, "बघ, पाणी आलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, ते मला सोसलं असतं.

"थांबायला हवं होतं गं पाणी," ती म्हणाली. "एक दिवस तरी."

आणि पायरीला हात टेकून ती वर चढली आणि घराकडे गेली, कारण गाळ काढणाऱ्यांच्या जेवणाचा भात अजून चुलीवर चढायचा होता.